घोटभर पाण्याची सवड

फ्रान्सच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा, म्हणजे 'लीग वन'चा 2022-23 चा हंगाम अनेक कारणांनी लक्षात राहण्यासारखा झाला. वीस संघ, प्रत्येकाचे 38 सामने, मध्येच कतारच्या विश्वचषकामुळे पडलेला खंड आणि शेवटी पॅरिस सेंट जर्मेनचे अकरावे विजेतेपद. तेही अवघ्या एका गुणाने. पॅरिसचे 85, तर उत्तरेकडच्या जुन्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या लान्स या छोट्या शहराचे 84. एम्बापेने 29 गोल केले आणि मेस्सीने याच हंगामानंतर पॅरिस सोडले. पुढच्या वर्षीपासून लीग वीसवरून अठरा संघांवर येणार होती. त्यामुळे या खेपेला थेट चार संघ खालच्या श्रेणीत जाणार होते आणि तळाशी असलेल्या प्रत्येक संघाचा जीव टांगणीला लागला होता.

3 जून 2023 च्या शेवटच्या रात्री नाँत या संघाने आँजेला 1-0 ने हरवले. त्याच वेळी ओसेरचा संघ घरच्या मैदानावर लान्सकडून 1-3 असा हरला. नाँतचे 36 गुण झाले, ओसेरचे 35 राहिले. नाँत वाचले, ओसेर बुडाले. गुणतक्ता एवढेच सांगतो. पण त्याच हंगामात, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, याच नाँत संघात एक गोष्ट घडली. ती कोणत्याही तक्त्यात नाही. तरीही गोलांचे आकडे विसरले गेल्यावर तिची आठवण राहावी अशी ती आहे.

त्या वर्षी फ्रान्समध्ये रमजान 23 मार्चला सुरू झाला. 2 एप्रिलच्या रविवारी नाँतचा सामना रेंसशी होता. डाव्या बाजूचा बचावपटू जावेन हाजाम हा जेमतेम वीस वर्षांचा, अल्जेरियाकडून खेळणारा मुलगा त्या दिवशी संघात नव्हता. तो जखमी नव्हता. त्याच्यावर बंदीही नव्हती. त्याने सामन्याच्या दिवशी रोजा सोडायला नकार दिला होता, एवढेच. प्रशिक्षक अँतुआन कोंबुआरे यांनी ही गोष्ट लपवली नाही. वाद काहीच नाही, तो त्याचा निर्णय आहे आणि आपण त्याचा आदर करतो, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र सामन्याच्या दिवशी रोजा धरायचा नाही हा आपला नियम आहे आणि जो धरेल तो संघात नसेल, हेही त्यांनी सांगून टाकले. तो सामना नाँतने गमावला.

त्याच सुमारास फ्रेंच फुटबॉल महासंघाच्या पंचविषयक समितीने पंचांना एक ई-मेल पाठवला. खेळाडूंना रोजा सोडता यावा म्हणून काही ठिकाणी सामने थोडा वेळ थांबवले जात आहेत, असे समितीच्या कानावर आले होते. असे थांबणे महासंघाच्या घटनेत बसत नाही, तेव्हा ते करू नये, असा त्या पत्राचा आशय होता. खेळाला खेळाची वेळ आणि धर्माला धर्माची, अशी त्यामागची भूमिका समितीच्या अध्यक्षांनी मांडली.

ऐकायला हे वाक्य अगदी रास्त वाटते. म्हणूनच ते जरा तपासून पाहायला हवे.

रोजा म्हणजे काय आणि काय नाही

रोजा न धरणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. पहाटे सहेरी करायची, उजाडण्याआधी खाणेपिणे बंद करायचे आणि सूर्य मावळेपर्यंत अन्नच काय, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा रोजा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फ्रान्समध्ये सूर्य रात्री आठनंतर मावळतो. म्हणजे चौदा तासांपेक्षा जास्त वेळ. संध्याकाळी मगरिबची वेळ झाली की खजूर किंवा पाण्याने रोजा सोडायचा. तो सोडायला विधी लागत नाहीत, मौलवी लागत नाही, मंडप तर नाहीच. एक खजूर, दोन घोट पाणी आणि ओठांतल्या ओठांत एक दुआ. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या खेळाडूला त्यासाठी एक मिनिट पुरते.

मग मध्यंतरापर्यंत थांबता येत नाही का? येते. इफ्तारला पंधरा-वीस मिनिटे उशीर झाला म्हणून कोणाचा रोजा वाया जात नाही. वेळ होताच रोजा सोडावा, उगाच ताणू नये, अशी शिकवण जरूर आहे. पण अडचण असेल तर अडचण समजून घेणारा हा धर्म आहे. जगभर असंख्य खेळाडू गुपचूप मध्यंतराची वाट पाहतात. त्यामुळे सामना थांबला नाही तर इस्लामवर संकट येते, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. प्रश्न वेगळा आहे. चौदा तास तहानलेला माणूस समोर धावतो आहे, चेंडू नाहीतरी मैदानाबाहेर गेला आहे, अशा वेळी बाकीचे एकवीस जण अर्धा मिनिट थांबू शकतात की नाही, हा तो प्रश्न आहे. आणि ते थांबायला तयार असतील तर त्यांना रोखायला वरून कोणी यावे का?

गोलरक्षक रेंगाळला

याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. इंग्लिश खाडी ओलांडली की पुरे.

26 एप्रिल 2021, सोमवारची रात्र. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांच्यात सामना होता. करोनामुळे स्टेडियम रिकामे होते. लेस्टरचा वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा चेखू कुयाटे या दोघांचाही रोजा होता आणि सामना सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या तासाने सूर्य मावळणार होता. दोन्ही कर्णधारांनी आणि पंचांनी आधीच बोलून ठेवले होते. वेळ झाली तेव्हा चेंडू पॅलेसच्या गोलरक्षकाकडे होता. विसेंते ग्वायता हा तो स्पॅनिश गोलरक्षक. तो गोल किक मारायची सोडून जरा रेंगाळला. तेवढ्यात दोघांनी कडेला जाऊन घोटभर पाणी प्यायले, दोन घास तोंडात टाकले आणि खेळ पुढे सुरू झाला. सामना बघणाऱ्या अनेकांना काही घडले हे कळलेही नाही. लेस्टरने तो सामना 2-1 ने जिंकला. नंतर फोफानाने समाजमाध्यमावर लीगचे, पॅलेसचे आणि ग्वायताचे जाहीर आभार मानले, तेव्हा जगाला कळले.

या प्रसंगात एक गोष्ट विशेष आहे. मदत करणारा हात प्रतिस्पर्धी संघातल्या गोलरक्षकाचा होता. त्याला स्वतःला रोजा नव्हता. त्याने भाषण केले नाही. चेंडू उचलायला फक्त थोडा उशीर केला.

त्याच्या चारच दिवस आधी लेस्टरचे प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांनी दुसऱ्या एका सामन्यात फोफानाला मैदानावरून लवकर बाहेर घेतले होते. कारण विचारल्यावर त्यांनी साधेपणाने सांगितले की पोरगा रोजा ठेवून खेळतो आहे, त्याला बाकावर बसून काही खाता यावे म्हणून बाहेर घेतला. रॉजर्स आणि कोंबुआरे हे दोघेही व्यावसायिक प्रशिक्षक. दोघांनाही सामने जिंकायचे होते. दोघांपुढे अडचणही तीच होती. एकाने नियम पुढे केला, दुसऱ्याने वेळापत्रक थोडे सरकवले.

जर्मनीतही असेच घडले. 6 एप्रिल 2022 रोजी आउग्सबुर्ग आणि माइन्झ यांच्या बुंडेसलिगा सामन्यात पंच मथियास योलेनबेक यांनी दुसऱ्या डावात खेळ क्षणभर थांबवला. माइन्झचा मूसा नियाखाते रोजा सोडून पाणी प्यायला आणि त्याने पंचांशी हात मिळवला. बुंडेसलिगामधला हा असा पहिलाच प्रसंग मानला जातो. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे फ्रान्समध्ये पंचांना तो ई-मेल गेला त्याच मार्च महिन्यात, इंग्लंडमध्ये पंचांना नेमके उलट मार्गदर्शन गेले होते: कोणत्या खेळाडूंचा रोजा आहे ते आधी विचारून घ्या आणि इफ्तारच्या वेळी खेळ आपोआप थांबेल तेव्हा त्यांना थोडी सवड द्या.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. फोफाना मार्सेचा. नियाखाते रुबेचा. दोघेही फ्रान्समध्ये जन्मलेले, तिथल्याच गल्लीतल्या मैदानांवर खेळ शिकलेले. ज्या देशाने त्यांना खेळ दिला, तिथे जो घोट नियमबाह्य ठरतो, तो त्यांना परक्या देशाच्या मैदानावर हसत मिळाला.

तटस्थपणाचे कॅलेंडर

फ्रान्सची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. तिथली धर्मनिरपेक्षता हा काही मुस्लिमांना त्रास देण्यासाठी काढलेला डाव नाही. चर्चच्या सत्तेशी शतकभर झगडून मिळवलेली ती गोष्ट आहे. 9 डिसेंबर 1905 च्या कायद्याने राज्यसंस्था आणि चर्च यांची फारकत झाली. शाळेत, कचेरीत, न्यायालयात कोणत्याही धर्माचा वरचष्मा नसावा, हा त्यामागचा विचार आहे. ज्या देशात धर्माच्या नावाने रक्त वाहिले आहे, तिथे तो मोलाचा वाटणारच. खेळाचे मैदानही तसेच राहावे, तिथे कोणी कोणाचा धर्म पाहू नये, असे महासंघाला वाटत असेल तर त्यात गैर काही नाही.

पण त्याच 1905 च्या कायद्याचे पहिलेच कलम विवेकस्वातंत्र्याची हमी देते आणि उपासनेच्या मोकळीकीचे रक्षण करते. फारकत नंतर येते. राज्याने धर्मापासून दूर राहावे, हे बंधन राज्यावर आहे. चेंडूमागे धावणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाने आपला धर्म ड्रेसिंग रूममध्ये टांगून यावा, असे त्या कलमात लिहिलेले नाही.

दुसरे असे की ज्याला तटस्थ कॅलेंडर म्हणतात, ते तरी कितपत तटस्थ असते? फ्रान्समध्ये आठवड्याची सुट्टी रविवारी असते. 1906 च्या कायद्याने कामगारांना हक्काची सुट्टी दिली ती रविवारचीच, कारण तो चर्चला जायचा दिवस. त्या रविवारच्या सुट्टीवरच फ्रेंच फुटबॉल वाढले. नाताळच्या दिवशी लीगचे सामने नसतात आणि कोणी त्याला धर्माची ढवळाढवळ म्हणत नाही. म्हणूही नये. तो त्या समाजाच्या जगण्याचा भाग आहे. पण ज्याचा सण आधीच कॅलेंडरमध्ये छापलेला असतो, त्याला वेळ मागावी लागत नाही. ज्याचा नसतो त्यालाच मागावी लागते. आणि मग मागणारा तेवढा 'धार्मिक' दिसू लागतो.

त्या हंगामात एका गुणाने बुडालेल्या ओसेरचेच पाहा. हा क्लब 1905 च्या डिसेंबरमध्ये स्थापन झाला, म्हणजे राज्य आणि चर्च यांची फारकत करणारा कायदा झाला त्याच महिन्यात. स्थापना करणारे होते एर्नेस्त देशाँ नावाचे कॅथलिक पाद्री. गावातल्या पोरांना चांगले वळण लागावे, त्यांची वस्ती चर्चच्या आसपास राहावी, म्हणून त्यांनी खेळाचा संघ काढला. तेव्हा फ्रान्सभर अशा पाद्र्यांनी असे संघ काढले होते. ओसेरच्या स्टेडियमला आजही त्या पाद्रीबाबांचे नाव आहे. 3 जूनच्या रात्री लान्सविरुद्धचा तो सामना त्यांच्याच नावाच्या मैदानावर झाला. कोणालाही त्यात खटकले नाही आणि खटकण्याचे कारणही नव्हते. मग धर्माच्या कुशीत वाढलेल्या या खेळाला खजुराच्या एका घासाची भीती का वाटावी?

नाँत शहराचाही एक इतिहास आहे. 1598 साली याच शहरात राजा चौथ्या हेन्रीने एका फर्मानावर सही केली. कॅथलिक बहुसंख्य असलेल्या देशात प्रोटेस्टंटांना आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याची मुभा देणारे ते फर्मान 'नाँतचे फर्मान' म्हणून युरोपच्या इतिहासात शिकवले जाते. पुढे 1685 मध्ये चौदाव्या लुईने ते रद्द केले. हजारो प्रोटेस्टंट कारागीर, विणकर, व्यापारी देश सोडून इंग्लंड, हॉलंड आणि जर्मन राज्यांत गेले आणि त्यांच्या हातचे कसबही त्यांच्याबरोबर गेले. एका फुटबॉल सामन्यातल्या घटनेची त्या इतिहासाशी बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. हाजामला कोणी देशाबाहेर घालवले नाही. पण ज्या शहराचे नाव जगाला सवलतीच्या एका कागदामुळे माहीत आहे, तिथे तरी सवलत या शब्दाची इतकी धास्ती नसावी.

गोष्ट तिथे थांबलीही नाही. 29 जून 2023 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सामन्यांत हिजाबवर बंदी घालण्याचा महासंघाचा अधिकार मान्य केला. जागतिक संघटना फिफाने डोके झाकण्यास 2014 मध्येच परवानगी दिलेली असूनही. 2024 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय संघांच्या शिबिरांत रोजांसाठी वेळापत्रक बदलणार नाही, असे महासंघाने ठरवले आणि ल्यों क्लबचा महामादू दियावारा हा तरुण खेळाडू 19 वर्षांखालील संघाचे शिबिर सोडून निघून गेला. नियम करणाऱ्यांना वाटते की आपण धर्म मैदानाबाहेर ठेवला. प्रत्यक्षात बाहेर गेला तो एक खेळाडू.

दुसऱ्या बाजूचे कर्तव्य

मात्र सवड मागणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

कोंबुआरे यांची काळजी अगदीच खोटी म्हणता येणार नाही. व्यावसायिक फुटबॉलपटू नव्वद मिनिटांत साधारण दहा-अकरा किलोमीटर धावतो. पाण्याविना, अपुऱ्या झोपेवर ते सोपे नाही. संघ तळाशी असेल, एका गुणावर शेकडो लोकांचा रोजगार टांगलेला असेल, तर प्रशिक्षकाने खेळाडूच्या ताकदीचा हिशेब करायलाच हवा. एखादा खेळाडू थकलेला दिसला म्हणून त्याला वगळणे हा प्रशिक्षकाचा हक्कच आहे. चूक होते ती तो थकला आहे का हे न पाहताच, केवळ रोजा आहे म्हणून वगळण्यात. तसे केले की तो हिशेब ताकदीचा राहत नाही.

धर्मानेही इथे दार बंद केलेले नाही. आजारी आणि प्रवासी माणसाने रोजे पुढे ढकलावेत आणि नंतर भरून काढावेत, अशी सूट कुराणातच आहे, आणि माणसाला अवघड नव्हे तर सोपे व्हावे ही अल्लाहची इच्छा आहे, हे त्याच ठिकाणी सांगितले आहे. परगावी सामना खेळायला गेलेला खेळाडू प्रवासीच असतो. जर्मनीत 2009 मध्ये एफएसव्ही फ्रँकफर्ट या क्लबने न कळवता रोजे धरल्याबद्दल तीन खेळाडूंना ताकीद दिली आणि वाद पेटला. तेव्हा तिथल्या मुस्लिमांच्या केंद्रीय परिषदेने भांडत बसण्याऐवजी अल-अझहरच्या विद्वानांचे मत घेतले. 2010 मध्ये फुटबॉल संघटनेसोबत त्यांनी जाहीर केले की ज्याचे पोट खेळावर चालते आणि ज्याला रोजामुळे तो करार निभावणे कठीण जाते, तो खेळाडू रोजे नंतर धरू शकतो. ठरवायचे ज्याचे त्याने. ही जर्मन तडजोड दोन्ही बाजूंना सांभाळणारी आहे. रोजा धरणाऱ्याला पंच क्षणभर थांबून पाणी पिऊ देतात आणि न धरणाऱ्याला त्याचा समाज दोष देत नाही.

हा दुसरा भाग भारतीय मुस्लिमांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. 4 मार्च 2025 रोजी दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना चालू असताना महंमद शमी पाणी पिताना कॅमेऱ्यात दिसला. त्या दिवशी त्याने तीन बळी घेतले आणि भारत जिंकला. पण उत्तर प्रदेशातल्या एका मौलानांनी रोजा न धरल्याबद्दल त्याला जाहीरपणे गुन्हेगार ठरवले. सुदैवाने अनेक मुस्लिमांनीच त्यांना खडसावले: शमी प्रवासात आहे, देशासाठी खेळतो आहे, त्याला सूट आहे, आणि मुळात हा त्याचा आणि त्याच्या रबचा प्रश्न आहे. नाँतमध्ये रोजा धरला म्हणून एक मुलगा बाकावरही बसू शकला नाही आणि दुबईत रोजा धरला नाही म्हणून एका गोलंदाजाची झडती घेतली गेली. दोन टोकांची माणसे, पण सवय एकच: दुसऱ्याच्या उपवासाचा निवाडा आपण करायचा. जो पहिल्या प्रसंगी कोंबुआरे यांच्यावर चिडतो आणि दुसऱ्या प्रसंगी गप्प बसतो, त्याचा राग न्यायाचा नसतो.

एक मिनिट किती पुरते?

इथे कोणी म्हणेल की इंग्लंडचे फार कौतुक झाले. खरे आहे. ज्या लेस्टर शहराच्या संघाने 2021 मध्ये तो घोट शक्य केला, त्याच लेस्टरमध्ये 2022 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर हिंदू आणि मुस्लिम तरुण रस्त्यावर एकमेकांसमोर उभे ठाकले. दोन्हीकडची बरीचशी कुटुंबे भारतीय वंशाची. युगांडातून हाकलून दिल्यावर याच शहरात शेजारी शेजारी घरे केलेली माणसेही त्यांत होती. गोलरक्षकाने अर्धा मिनिट थांबून दिले म्हणजे शहर सुधारत नाही. अफवा, जुने राग आणि मोबाइलवरचे विष त्याने धुऊन निघत नाही.

पण म्हणून तो अर्धा मिनिट बिनकामाचा ठरत नाही. शहर एकत्र राहते ते मोठ्या घोषणांवर नव्हे, तर रोजच्या छोट्या सोयींवर. महाराष्ट्राला हे सांगायला नको. नाँतमधला हा वाद झाला त्याच 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले. विसर्जनाची मिरवणूक आणि ईदचा जुलूस एकाच रस्त्यावर. मुंबईसह अनेक ठिकाणच्या मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि राज्य सरकारने 29 तारखेला सुट्टी दिली. पैगंबरांची जयंती एका दिवसाने पुढे गेल्यामुळे कोणाचा ईमान कमी झाला नाही. बाप्पाला निरोपही थाटात दिला गेला. तिथे एका समाजाने एक दिवस दिला. फुटबॉलच्या मैदानावर मागितले जाते ते एक मिनिट.

खेळ तसाही कितीदा तरी थांबतोच. 2014 च्या ब्राझील विश्वचषकात उकाड्यामुळे पाणी पिण्यासाठी सामने थांबवले गेले. व्हिडिओ पंचांच्या तपासणीसाठी खेळाडू दोन-दोन मिनिटे ताटकळत उभे राहतात. बुटाची नाडी सुटली, कोणाचा पाय मुरगळला, चेंडू बदलायचा झाला की थांबा. ऊन लागले म्हणून पाणी चालते, तर सूर्य मावळला म्हणून का चालू नये? पंचाने घड्याळात तेवढा वेळ वाढवून दिला की हिशेब पुरा होतो.

नाँतच्या त्या हंगामाचा शेवट पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. कोंबुआरे यांना मे महिन्यात पदावरून दूर करण्यात आले. कारण रोजाचे नव्हते, खराब निकालांचे होते. क्लब शेवटच्या रात्री एका गुणाने वाचला. नियम कडक ठेवल्याने त्यांना गुण मिळाले, असे कोणी दाखवू शकत नाही. नियम सैल केल्याने बुडाले असते, असेही नाही. म्हणजे ज्या कारणासाठी त्या मुलाला बाहेर ठेवले, त्या कारणाचा निवाडा मैदानाने दिलाच नाही. उरली ती एका वीस वर्षांच्या मुलाची घरी बसून काढलेली दुपार.

या पानावर रमजानचा महिनाभर रोज सहेरी आणि इफ्तारच्या वेळा छापल्या जातात. त्या फक्त रोजेदारांसाठी आहेत, असा समज आहे. तसे नसावे. गावातल्या मैदानावर प्रकाशझोतातले सामने भरवणाऱ्या मंडळांनी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची वेळ ठरवणाऱ्या शिक्षकांनी, संध्याकाळची पाळी लावणाऱ्या कारखान्यातल्या साहेबांनी त्या चौकटीवर एकदा नजर टाकावी. इफ्तारच्या वेळी पाच मिनिटे मोकळी ठेवता आली तर ठेवावीत. आणि रोजेदार मुलांनी आपल्या कर्णधाराला, सरांना, मुकादमाला आदल्या दिवशीच सांगावे, पाच मिनिटांची दहा करू नयेत, आणि शेजारच्या मित्राची एकादशी किंवा नवरात्राचा उपवास असेल तेव्हा त्याचा फराळ व्हायच्या वेळी आपणही गोल किक मारायला जरा उशीर करावा.